आधी जावा शीक म्हणे!

आज जेवायला एक पाहुणे होते. पुण्यात आयटीत, १५ वर्षांचा अनुभव वगैरे. तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारता मारता माझ्या भाच्याला विचारलं, काय चाललंय? पोरगं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. लाजत म्हणालं, ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. म्हणजे विंडोजसारखं, अख्खा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. पाहुणे ठसका लागेपर्यंत हसले. "आधी जावा नीट शीक!" जावा म्हणजे प्रोग्रामिंगची एक भाषा. घरी आलेला माणूस म्हणून मी गप्प बसलो. आता गेलेत ते.

पोरानं काय केलंय ते तर बघा की. मशीन सुरू झालं की बायोस (बोर्डावरच्या चिपमधला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा बघतो. त्याच्या शेवटी ५५ आणि एए हे दोन बाइट नसले की ती डिस्क सोडून सरळ पुढं जातो. भाच्याचे ते दोन बाइट भलत्याच जागी बसलेले. स्क्रीन काळी ठिक्कर. पोरगं घरात कुणाशी धड बोलेना. मग एका पहाटे ताईला हलवून उठवलं, तर स्क्रीनवर रोमन अक्षरांत ‘काय ओ पाव्हणं’. देवनागरी का नाही? त्या टेक्स्ट मोडात चिन्हं फक्त २५६, त्यात आपला ‘क’ नाहीच. हे त्याला कुठल्या सरांनी शिकवलेलं नाही. जावा शिकून कळलं असतं?

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभी राहिलेली पोरं जॉब (म्हणजे घडवायला घेतलेला लोखंडी तुकडा) वाया घालवतच टर्नर झाली. मिस्त्रीनं शिव्या घातल्या, हाकललं नाही.

आणि लिनस टोरवाल्ड्स? १९९१ साली हेलसिंकीत शिकणारं २१ वर्षांचं पोरगं. तोही ऑपरेटिंग सिस्टिमच लिहीत होता. स्वतःच सांगत होता, छंद आहे, मोठं काही होणार नाही. आज जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर त्याचं ते लिनक्स आहे. भाचा टोरवाल्ड्स होणार नाही, ठाऊक आहे मला. नसूदे.

बँकेचं सॉफ्टवेअर असल्या पोरांच्या हाती देऊ नये, मान्य. पण मागितलंय कुणी?

खरं सांगायचं तर निघताना पाहुणे त्याच्या लॅपटॉपपाशी थांबले. "इंटरप्टचं काय केलंस?" म्हणजे कीबोर्डसारखं काही मध्येच प्रोसेसरला हाक मारतं, ती हाक. मग दोघं बसले की बराच वेळ! बायको गाडीत खोळंबली. चांगला माणूस आहे हो. तरी दारातनं ‘प्लेसमेंटचं बघ पण’ म्हणालेच.

तर, सगळं अजून इम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली पीसीवर चाललंय. जुना, बायोसवर बूट होणारा डबडा पीसी कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर इनबॉक्स करा. राजारामपुरी असो नाहीतर कसबा बावडा, मी येऊन नेतो. सल्ले मात्र नकोत.