‘मोठा आकडा, एकच स्टिक’: रॅमविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

गेमिंगसाठी घरीच संगणक जुळवू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरत आहे. त्याचा आशय असा: ‘रॅममध्ये फार डोके घालू नका. परवडेल तेवढा मोठा मेगाहर्ट्झचा आकडा घ्या. 32 जीबीची एकच स्टिक घ्या, म्हणजे पुढे दुसरी लावायला जागा राहते. डीडीआर5 च्या एका स्टिकमध्ये तसेही दोन चॅनल असतात. आणि बायॉसला हात लावू नका, वॉरंटी जाते.’ (स्टिक म्हणजे रॅमची पट्टी, डीडीआर5 ही रॅमची डीडीआर4 नंतरची पिढी, चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधला माहितीचा मार्ग, आणि बायॉस म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज सांभाळणारी प्रणाली.) यातल्या प्रत्येक वाक्यात सत्याचा थोडाफार अंश आहे आणि म्हणूनच तो सहज गळी उतरतो. पण रॅम ज्या प्रोसेसरला आणि ज्या मदरबोर्डवर लावायची, त्यांचा या सल्ल्यात कुठेही उल्लेख नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

आधी आकड्याबद्दल. पाकिटावरचा 6000 हा आकडा मेगाहर्ट्झचा नसतोच. घड्याळ 3000 मेगाहर्ट्झचे असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहितीची देवघेव होते, म्हणून सेकंदाला 6000 दशलक्ष खेपा. शब्दाची ही चूक क्षम्य आहे; तिच्या शेजारी छापलेल्या सीएल या आकड्याकडे दुर्लक्ष करणे मात्र महागात पडते. मागणी केल्यापासून माहिती यायला किती ठोके लागतात, हे सीएल सांगतो. त्याला 2000 ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की नॅनोसेकंदांतला विलंब मिळतो. 6000 आणि सीएल30 असलेल्या किटचा (एकत्र विकल्या जाणाऱ्या स्टिक्सच्या संचाचा) विलंब 10 नॅनोसेकंद येतो, तर 6400 आणि सीएल40 असलेल्याचा 12.5. म्हणजे मोठ्या आकड्याच्या मोहाने दुसरे किट उचलणाऱ्याने किंचित जास्त रुंद रस्ता घेतला आणि त्याबरोबर चौथ्या हिश्शाने जास्त विलंबही घेतला. जुन्या डीडीआर4 मधल्या 3200, सीएल16 या सर्वपरिचित जोडीचा विलंबही बरोबर 10 नॅनोसेकंदच होता, हे गणित ज्याने एकदा करून पाहिले तो नुसत्या आकड्याला सहसा भुलत नाही.

त्यापुढे प्रोसेसरचा प्रश्न येतो. एएमडीच्या रायझेन 7000 आणि 9000 मालिकांमध्ये प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवघेव सांभाळणारा भाग) रॅमच्या घड्याळाबरोबर समान गतीने चालावा, हे श्रेयस्कर असते आणि साधारण 6000 ते 6400 पर्यंत ते जमते. त्यावर 7200 चे महागडे किट बसवले की कंट्रोलर सहसा निम्म्या गतीवर, म्हणजे 1800 मेगाहर्ट्झवर उतरतो आणि जादा मोजलेल्या पैशांचा बराचसा लाभ तिथेच विरतो. इंटेलच्या वरच्या श्रेणीतील प्रोसेसरना चांगल्या बोर्डावर 7200 पेलते, हे मान्य आहे. पण आपल्याकडे कमी बजेटमध्ये एच610 चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपचा) बोर्ड आणि इंटेलचाच आय5-12400 ही जोडी फार घेतली जाते. तो चिपसेट रॅमचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणे, करू देत नाही आणि त्या प्रोसेसरची डीडीआर5 साठीची अधिकृत मर्यादा 4800 आहे. तिथे 6400 ची स्टिक लावणे म्हणजे गल्लीत चालवायला रेसची गाडी आणणे. एएमडीच्या एक्स3डी नावाच्या प्रोसेसरमध्ये कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच अतिवेगवान मेमरी, इतकी मोठी असते (7800एक्स3डीमध्ये तिसऱ्या पातळीची 96 एमबी) की रॅमच्या वेगाचा परिणाम आणखी कमी जाणवतो. तिथे वाचलेले पैसे सरळ ग्राफिक्स कार्डात घालावेत.

एकाच स्टिकचा मुद्दा अधिक गंभीर आहे. डीडीआर5 च्या स्टिकमध्ये दोन उपचॅनल असतात हे खरे. परंतु ते प्रत्येकी 32 बिटांचे असतात आणि त्यांची बेरीज 64 बिट, म्हणजे डीडीआर4 च्या एका स्टिकइतकीच भरते. 6000 च्या एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त 48 जीबी माहिती जाऊ शकते, दोन स्टिक्समधून 96. 4के रिझोल्यूशनवर सारा भार ग्राफिक्स कार्डावर असताना हा फरक फारसा दिसणार नाही, हे मी नाकारत नाही. मात्र 1080पीवर, जिथे प्रोसेसरच अडतो, तिथे गर्दीच्या दृश्यात खेळ मध्येच अडखळू लागतो. आणि एएमडीच्या 8600जी सारख्या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याचे तर मोठेच नुकसान होते, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरीच नसते, रॅमच वापरावी लागते. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता ‘आता एक, पुढे दुसरी’ हा मोह मला समजतो. पण त्याच नावाच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या स्टिकमध्ये वर्षभराने वेगळ्याच कंपनीच्या चिप्स निघू शकतात, आणि किटमधल्या दोन स्टिक्स जशा एकत्र तपासलेल्या असतात तशी ही जोडी कोणीही तपासलेली नसते. पैसे खरोखरच कमी असतील तर आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक्स घ्याव्यात. पुढे त्या विकून मोठी जोडी घेता येते. त्यांच्याच शेजारी आणखी दोन लावून चार करण्याचा बेत मात्र करू नये, कारण रायझेन 7000 वर चार स्टिक्सचा अधिकृत वेग 3600 वर येतो. दोन स्टिक्स बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात; शेजारी शेजारी लावलेल्या मी अनेक पाहिल्या आहेत.

रॅमवरच्या दिव्यांबद्दल आणि धातूच्या कवचाबद्दल एवढेच सांगतो की प्रोसेसरवरचा एअर कूलर मोठा असेल तर कवच त्याला अडणार नाही ना, हे पाहण्यासाठी खरेदीआधी कवचाची उंची मोजावी.

राहता राहिला बायॉसचा मुद्दा. एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी बायॉसमधली तयार सेटिंग) चालू करणे हे कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच ठरते आणि एएमडीच्या वॉरंटीच्या अटींत तसे स्पष्ट म्हटलेले आहे. इथे सल्ला देणारा चुकत नाही. पण मग त्याच सल्ल्यात मोठा आकडा घ्यायला सांगणे विसंगत ठरते, कारण प्रोफाइल चालू केल्याशिवाय तो आकडा मिळतच नाही. गेल्या दिवाळीत एका मित्राच्या संगणकात टास्क मॅनेजर उघडून मेमरीचे पान पाहिले, तर 6000 च्या किटपुढे वेग 4800 लिहिलेला होता. सात महिने त्याने त्याच वेगावर काढले होते. बायॉसमध्ये एक्सपो निवडून, बदल जतन करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा पडदा काळाच राहिला आणि बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमची स्थिती दाखवणारा, बारीक दिवा पेटून राहिला. मित्राचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. एएम5 बोर्डावर (रायझेन 7000 आणि 9000 ज्यावर बसतात त्या) रॅम किंवा तिचा वेग बदलल्यावर बोर्ड नव्याने वेळेचा ताळमेळ बसवून घेतो आणि त्याला काही मिनिटेही लागू शकतात. नेमक्या याच मिनिटांत घाबरून लोक चांगल्या स्टिक्स काढून दुकानात परत नेतात.