मीटरजवळचा कॉक बंद केला, तरी मावशीच्या घरात पाणी का थांबलं नाही

‘घरात पाइप फुटला तर? हे पाच उपाय पाठ करा’ हा मेसेज गेले काही आठवडे सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मला तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी न वाचता सोडला. मग तो कोथरूडला एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो वहीत उतरवून घेतला. मागच्या मंगळवारी तिच्या गिझरला पाणी देणारी नळी नटापाशी तुटली. मावशी वही वाचून तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगमध्ये गेली, मीटरशेजारचा कॉक बंद केला आणि वर आली. पाणी तसंच चालू. पुन्हा खाली, पुन्हा वर, 71 व्या वर्षी. मला फोन आला तेव्हा पाणी दिवाणाखाली शिरलं होतं. “अरे, गच्च आवळलाय मी कॉक, तरी येतंच आहे!”

मेसेजचा पहिलाच मुद्दा असा: ‘मेन व्हॉल्व्ह तळघरात किंवा मीटरजवळ असतो, तो बंद केला की घरातलं पाणी लगेच थांबतं.’ तळघर? आपल्याकडे किती जणांच्या घराला तळघर आहे? हा सल्ला सरळ अमेरिकेतून उचललाय. तिथे रस्त्याखालच्या लाइनचं पाणी चोवीस तास दाबाने थेट घरात येतं आणि थंडीत नळ्या गोठू नयेत म्हणून मेन व्हॉल्व्ह बऱ्याचदा तळघरात असतो. आपल्या सोसायटीत महापालिकेचं पाणी मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून उताराने आपल्या नळाला येतं. मीटरचा कॉक बंद केला तर फक्त खालची टाकी भरायची थांबते. गच्चीवर हजारो लिटर पाणी तसंच असतं. टाकी दहा मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो, आणि नळी तुटल्यावर पाच-दहा मिनिटांत घर भिजवायला तेवढा पुरतो.

टाकीतून निघणारी नळी टाकीपाशीच बंद करता यावी, हे 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडच्या नवव्या भागात, म्हणजे प्लंबिंगच्या भागात, धरलेलंच आहे. टाकीपाशीचा तो व्हॉल्व्हच आपला खरा ‘मेन’. पण किचनची उभी लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, आणि एकेका लाइनवर वरपासून खालपर्यंतचे सगळे फ्लॅट. शिवाय गच्चीला कुलूप. म्हणून आधी बाथरूममध्येच बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये खांद्याच्या उंचीवर भिंतीत एक गोल मूठ असते, तोच त्या बाथरूमचा स्टॉप कॉक. मी फोनवर सांगितलं, मावशीने तो फिरवला आणि पाणी थांबलं. इतकी वर्षं ती त्यावर टॉवेल अडकवत होती.

थेट नळाचं पाणी येणाऱ्या, टाकी नसलेल्या जुन्या घरात मीटरजवळचा कॉक उपयोगी पडतो, एवढं मान्य. पण मेसेजमध्ये हा फरक कुठेच नाही.

दुसरा सल्ला तर घातक आहे: ‘व्हॉल्व्ह घट्ट बसला असेल तर हातोडीने ठोका किंवा पान्याला पाइप लावून जोर द्या.’ कृपा करून असं करू नका. गेट व्हॉल्व्हच्या आत पितळी दांडी असते, तिला खाली पाचरीसारखा दरवाजा. दांडी पिळून तुटली की मूठ नुसती गरगर फिरते, आणि दरवाजा असेल तिथेच अडकतो. नळी प्लास्टिकची असेल तर जोडच तडकतो आणि एका फ्लॅटची गळती अख्ख्या विंगची होते. दोन्ही हातांनी थोडं बंद, थोडं उघड, असं हळूहळू हलवा. नाहीच हलला तर गच्चीवरची लाइन बंद करून प्लंबरला बोलवा.

‘पाणी वाचवायला व्हॉल्व्ह कायम अर्धा ठेवा’ हेही चूक. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठीच असतो. अर्धा ठेवला की दरवाजाची कड झिजते आणि गरजेच्या वेळी तो पूर्ण बंद होत नाही.

‘पाणी बंद झालं की गिझर फुटतो, म्हणून तो आधी बंद करा.’ फुटत नाही. त्यात थर्मोस्टॅट असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पण गिझर आधी बंद करा हा सल्ला बरोबर आहे, फक्त कारण वेगळं. ओल्या भिंतीजवळ वीज चालू नको, आणि गळती गिझरच्याच नळीला असेल तर आतली टाकी रिकामी होऊन कॉइल कोरडी पडू शकते.

शेवटचा मुद्दा, ‘व्हॉल्व्हला विनाकारण हात लावू नका’. उलट वर्षातून दोनदा तो पूर्ण फिरवून बघा. जुना असेल तर दांडीपाशी थेंब येतील, तिथला नट किंचित आवळला की बहुतेक वेळा थांबतात.

रविवारी वॉचमनला सोबत घेऊन गच्चीवर गेलो आणि मावशीच्या दोन्ही लाइन शोधल्या. लाल ऑइलपेंटने त्यांच्यावर ‘किचन’ आणि ‘बाथरूम’ लिहिलं, खाली फ्लॅटचे नंबर. सेक्रेटरींनी गच्चीची दुसरी किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायचं कबूल केलंय. वहीतलं ते पान मावशीने फाडलं आणि नवीन पानावर पहिली ओळ लिहिली: बाथरूम, दाराच्या डाव्या हाताला, गोल मूठ.