डी ट्राम आणि आईचं व्हिएन्ना

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन व्हिएन्नाला जाऊन आले. सहा दिवस, फक्त व्हिएन्ना. "एवढे पैसे घालून एकच शहर?" असं घरातल्या प्रत्येकाने विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठ वर्षांपूर्वी आई-बाबा एका टूरबरोबर युरोपला गेले होते. बारा दिवसांत सात देश. व्हिएन्नाच्या वाट्याला एक सकाळ आली: बसच्या काचेतून दिसलेल्या इमारती, शॉनब्रुन राजवाड्याच्या दारात फोटो, जेवण, की निघाले. आता बाबा नाहीत. त्या सहलीतलं आईला काय आठवतं असं विचारलं, तर म्हणाली, "सारखं 'चला, चला' ऐकू यायचं." हे मला फार लागलं. दोघांनी आयुष्यभर पै-पै साठवून केलेली ती एकच परदेशवारी होती.

त्यामुळे या वेळी हॉटेल निवडताना एकच गोष्ट पाहिली: ट्रामचा थांबा दारात हवा. फ्रान्झ-जोसेफ्स रेल्वे स्टेशनजवळ खोली मिळाली. तिथे डी नावाची ट्राम मिळते, ती थेट रिंग नावाच्या रस्त्यावर येते. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. पुण्यात बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायला तिला कुणाचा तरी हात लागतो. व्हिएन्नातल्या बहुतेक ट्रामचा तळ इतका खाली असतो की फलाटावरून पाय उचलून सरळ आत ठेवायचा. पहिल्या दिवशी आई चढली आणि मागे वळून बघायला लागली, पायरी कुठे गेली म्हणून. दाराजवळची जागा म्हाताऱ्यांसाठी, गरोदर बायकांसाठी राखीव, आणि लोक खरंच उठतात. सहा दिवसांत आईला एकदाही उभं राहावं लागलं नाही.

रिंग म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या जागेवरचा रस्ता. सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी १८५७ साली तट पाडायचा हुकूम काढला, १८६५ मध्ये रस्ता खुला झाला. संसद, नगरभवन, विद्यापीठ, बुर्गथिएटर, समोरासमोरची दोन संग्रहालयं, ऑपेरा, सगळं या एका रस्त्यावर ओळीने उभं आहे आणि ट्राम त्याच्या अगदी अंगावरून जाते. आम्ही तीनदा गेलो, एकदा भर पावसात. त्यासाठी महागडी टूरिस्ट बस घ्यायची गरज नाही, रोजचा पास पुरतो. एकच लक्षात ठेवा: जुन्या पुस्तकांत १ आणि २ नंबरची ट्राम पूर्ण फेरी मारते असं लिहिलेलं असतं. २००८ पासून तसं नाही, मध्ये गाडी बदलावी लागते.

तिकिटाबद्दल मात्र नीट वाचा. तिथे मेट्रोला फाटक नाही, ट्राममध्ये कंडक्टर नाही. कागदी तिकीट घेतलं की छोट्या निळ्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. आमच्या डोळ्यांसमोर एका भारतीय कुटुंबाला असा दंड झाला, माणशी शंभर युरोंहून जास्त. तिकिटं त्यांच्या हातात होती, पैसे बुडवायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. यंत्र तिकीट देताना लगेच वापरायचं की नंतर, ते विचारतं. लगेच म्हटलं तर शिक्का मारूनच येतं. विमानतळावरूनही साधी एस-७ लोकल घ्या. पंचवीसेक मिनिटांत शहरात येते आणि खास एक्स्प्रेसपेक्षा खूप स्वस्त पडते.

एक दिवस ७१ नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती स्मशानभूमीत गेलो. आपल्याकडे 'देवाघरी गेला' म्हणतात ना, तसं तिथे कुणी गेलं की 'त्याने एकाहत्तर पकडली' म्हणतात. दुसऱ्या फाटकाशी उतरायचं. बीथोव्हेन आणि शूबर्ट या संगीतकारांच्या कबरी जवळजवळ आहेत. दोघांनाही १८८८ साली दुसऱ्या स्मशानातून इथे आणलं. शूबर्ट गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग बाकावर बसून बाबांबद्दल बोलत राहिली, जवळजवळ तासभर. ते गेल्यापासून एवढं ती पहिल्यांदाच बोलली. पुढची बस सुटणार नव्हती, कुणी हाका मारत नव्हतं. मी पैसे कशासाठी घातले असं जे विचारतात, त्यांना मी हा तास सांगते.

आपल्या आई-वडिलांना आपण सामानासारखं फिरवतो, असं माझं स्पष्ट मत झालंय. एवढे पैसे भरले म्हणून जास्तीत जास्त ठिकाणं उरकायची. त्यांचे पाय, त्यांची झोप, त्यांना शौचालय कधी लागेल, याचा हिशेब कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसतो. सात देशांऐवजी एक शहर घ्या. मुक्काम थांब्याजवळ करा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल.

पाचव्या दिवशी मला ताप आला. दुपारी आई म्हणाली, "तू झोप. मी डीने जाऊन गुलाब बघून येते." संसदेजवळ उतरून फोक्सगार्टन नावाची बाग आहे, आदल्या दिवशी आम्ही तिथे गेलो होतो आणि गुलाब भरात होते. तिला जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम. मी हॉटेलचं कार्ड तिच्या पर्समध्ये घातलं आणि थांब्याचं नाव मराठीत लिहून दिलं. दोन तास माझा डोळा लागला नाही.

साडेपाचला दार वाजलं. पर्स खुर्चीवर ठेवत आई म्हणाली, "चिठ्ठी काढावीच लागली नाही गं. उतरायच्या आधीचं बटणसुद्धा मीच दाबलं."