खुलासा: इंग्रजी कादंबरीतला आई-मुलीचा दुरावा १९६० नंतरचा नाही

'जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत आई-मुलींचं गूळपीठ होतं, बेबनाव आणला तो १९६० नंतरच्या स्त्रीवादी लेखिकांनी,' असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालची. पाच मुलींपैकी एलिझाबेथ ही मिसेस बेनेटची सर्वांत नावडती, हे लेखिका स्पष्टच सांगते. नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सने घातलेली लग्नाची मागणी एलिझाबेथने नाकारल्यावर तर आई म्हणते, तुझं तोंड बघणार नाही. (बाई उथळ खरी, पण घर वारसाहक्काने त्याच कॉलिन्सकडे जाणार होतं, हेही विसरू नये.)

त्याहून बोचरं चित्र एलिझाबेथ गॅस्केलच्या 'वाइव्ज अँड डॉटर्स'मध्ये आहे. ही १८६४ पासून मासिकात क्रमशः आली आणि गॅस्केल गेल्याने अपुरी राहिली. घर गावच्या डॉक्टरचं, म्हणजे अस्सल मध्यमवर्गीय. डॉक्टरशी दुसरं लग्न करताना आई आपल्या मुलीला, सिंथियाला, फ्रान्समधल्या शाळेतून बोलावतच नाही. कारण? तरुण, देखणी मुलगी शेजारी उभी राहिली तर उतरत्या वयाची नवरी फिकी पडेल! पुढे सिंथिया सावत्र बहिणीला सांगते की, लहानपणी मला आई हवी होती तेव्हा तिने माझी हेळसांड केली, ते काही माफ करता येत नाही. हे ती आरडाओरडा न करता, सहज बोलून जाते.

फिरणाऱ्या मजकुरात आणखी एक गोष्ट म्हटली आहे, ती मात्र बरोबर: त्या काळच्या बऱ्याच नायिकांना आईच नसते.