पोरीच्या मालकिणीला लिहिलेलं पत्र

युद्धावरून सैनिकाने घरी पाठवलेलं पत्र म्हटलं की विरह, बायकोची आठवण, आईची काळजी हेच डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली तशी पत्रं लोक आजही आवडीने शेअर करतात. पण त्यातलं एकच वाचायचं असेल, तर माझ्या मते स्पॉट्सवुड राइसचं वाचावं.

राइस मिझुरीत तंबाखूच्या मळ्यावर राबणारा गुलाम. १८६४ साली तो उत्तरेच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या सरकारच्या, फौजेत भरती झाला. मुली, कोरा आणि मेरी, मागेच अडकल्या. लिंकनचा १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा मिझुरीला लागूच नव्हता, कारण तो देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांपुरताच होता आणि मिझुरी फुटून गेलं नव्हतं. म्हणजे बाप ज्या सरकारचा शिपाई, त्याच्याच राज्यात लेक दुसऱ्याच्या मालकीची!

३ सप्टेंबर १८६४ला सेंट लुईसच्या लष्करी इस्पितळातून त्याने मुलींना कळवलं, मी तुम्हाला विसरलो नाही, जीव गेला तरी बेहत्तर पण तुम्हाला सोडवीन. मेरीच्या मालकिणीला, किटी डिग्जला, वेगळं पत्र. मी पोर चोरायला बघतो म्हणतेस? मेरी माझी आहे, देवाने दिलेला हक्क आहे तो. मागे तिच्यासाठी चाळीस डॉलर देऊ केले होते, तू घेतले नाहीस ते बरंच झालं. आता ठेव धरून, जितकी धरून ठेवशील तितकं तुलाच महागात पडेल.

चाळीस डॉलर. स्वतःच्या लेकीचे. मी ते वाक्य वाचून पुढे जाऊच शकत नाही.

ही पत्रं टिकली ती किटीच्या भावामुळे. तो गावचा पोस्टमास्तर. चिडून त्याने ती थेट मिझुरीतल्या उत्तरेच्या फौजेचा प्रमुख जनरल रोझक्रान्स याच्याकडे धाडली, या माणसाला राज्याबाहेर काढा म्हणून. तक्रारीला जोडलेला पुरावा सरकारी दप्तरात राहिला.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लढ्यात पावणेदोन लाखांहून जास्त काळे सैनिक होते, बरेचसे कालपर्यंत गुलाम असलेले. सोडवणाऱ्यांत त्यांचीही गणना झाली पाहिजे, आणि ती आपण फार कमी करतो.

१९३७ साली, पंच्याऐंशीच्या मेरीने आठवणी सांगितल्या. वडिलांना आठवड्यातून दोनच रात्री घरी यायची परवानगी. कितीदा रक्तबंबाळ होऊन यायचे. आई जखमा धुऊन तेलतूप लावायची, कपडे धुऊन इस्त्री करायची, परत जाताना अंगावर स्वच्छ कपडे असावेत म्हणून.

पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नेटवरही सापडतात. स्पेलिंगच्या चुका तशाच ठेवल्यात. मुलांना घेऊन वाचा.