पेव बुजवायच्या आधी निदान मोजून तरी घ्या

लेख आवडला सर. लंडन-बर्मिंगहॅम एचएस-टू या वेगवान रेल्वेच्या मार्गावर रूळ पडायच्या आधी जुन्या शेतवाडीचे पाये, खापरं सगळं मोजून नोंदवतात हे वाचून आमच्याकडचं काम डोळ्यासमोर आलं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ही 84 किमीची लाईन होतेय, अन् व्हायलाच पाहिजे, किती वर्षांची मागणी आहे ती. पण भूसंपादनाच्या पंचनाम्यात विहीर, पाईपलाईन, आंब्याची झाडं यांची किंमत धरतात, धान्य साठवायच्या जमिनीतल्या जुन्या पेवाला कोण विचारतो? आमच्या शिवारात अजून पेवं आहेत, वरनं तोंड माणूस जेमतेम उतरंल एवढं अन् आत घागरीसारखं पोट, कडंनी कडबा लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं, उघडल्यावर आधी कंदील आत सोडायचा अन् विझला तर आतली हवा खराब समजून उतरायचंच नाही. जेसीबी हे सगळं एका दमात बुजवून टाकतो.

1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी आहे, ते बरोबरच आहे, पण साध्या शेतकऱ्याच्या वाड्याला, पांढरीला म्हणजे जुन्या गाववस्तीच्या जागेला त्यात जागा नाही. तेर इथून जवळच, तेच जुनं तगर शहर, रोमपर्यंत व्यापार होता त्याचा, मग आसपासच्या पांढरीत काहीच नसंल असं कसं धरायचं? मुरूम उपसायच्या आधी विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या पोरांना आठ दिवस द्या, फोटो काढू द्या, मापं घेऊ द्या, अन् जे सापडंल ते तेरच्या लामतुरे संग्रहालयात ठेवा.