फासायचा हरताळ आणि पाळायचा हरताळ

आमच्या दांडिया बाजारातल्या भाऊबंदांच्या ग्रुपवर नानाकाकांनी एक मजकूर पाठवला. त्याआधी तो दुसऱ्या दोन ग्रुपांवर येऊन गेला होता, म्हणजे अख्ख्या मराठी बडोद्यात फिरला असणार. सारांश असा: ‘हरताळ’ म्हणजे हर दुकानाला ताळे. गांधीजींनी १९१९ साली हा गुजराती शब्द देशभर नेला आणि त्यातूनच मराठीत ‘हरताळ फासणे’ आले. भाद्रपदातल्या व्रताच्या दिवशी बायका अन्नपाण्याचा हरताळ करतात म्हणून ती हरताळका. जुन्या पोथ्यांवर दिसणारा पिवळा हरताळ ही हळदीसारखी साधी माती. पूर्वज ती औषधातही घेत, नैसर्गिक असल्यामुळे अपाय नाही.

नानाकाका, राग मानू नका. शेवटचे वाक्य नसते तर मी गप्प बसलो असतो.

ताळ्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दुकाने बंद ठेवण्याच्या हरताळात ताळे आहेच, पण पुढचा ‘हर’ म्हणजे ‘प्रत्येक’ नव्हे. तो मुळात हट्ट, म्हणजे हाट, बाजार. आपल्या शहरात हे सांगायला कोश उघडावा लागत नाही. मंगळ बाजार बंद असला की रिक्षावाला ‘आजे हडताळ छे’ म्हणतो. त्याच्या तोंडी ‘ड’ अजून शाबूत आहे. मराठीत आल्यावर ‘ड’चा ‘र’ झाला आणि शब्द आधीच घरात असलेल्या दुसऱ्या एका हरताळासारखा दिसू लागला. घोटाळा तिथून सुरू झाला. ६ एप्रिल १९१९चा रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ या बाजारातल्या शब्दाचा. त्याने शब्द गाजवला, जन्माला घातला नाही.

आता ‘फासणे’. हे क्रियापद जरा हातात धरून बघा. काळे फासतात, चुना फासतात, अंगाला राख फासतात. जे फासायचे ते ओले किंवा भुकटी असावे लागते. बंद दुकान फासता येत नाही. बंदचा हरताळ पाडतात किंवा पाळतात, तोही कडकडीत. वचनाला, तत्त्वाला, आश्वासनाला मात्र फासतात. मराठी माणूस बोलताना यात कधी चुकत नाही, चूक फक्त व्युत्पत्ती सांगताना होते.

फासायचा हरताळ खनिज आहे: संस्कृतात हरिताल, रसायनशास्त्रात आर्सेनिक ट्रायसल्फाइड. अमरकोशात त्याला पीतन, ताल, आल अशी नावे आहेत, म्हणजे गांधीजींच्या कितीतरी शतके आधी तो इथे होता. कागदी पोथी लिहिताना लेखनिकाची ओळ चुकली तर खोडायची सोय नव्हती. खरवडले तर कागद फाटे. मग बारीक वाटलेला हरताळ डिंकाच्या पाण्यात कालवून चुकीच्या अक्षरांवर फासत. थर दाट बसतो, काळी शाई खाली झाकली जाते आणि वाळल्यावर त्यावरच पुन्हा लिहिता येते. गुजरातेतल्या जैन भांडारांतल्या कागदी पोथ्यांत असे पिवळे डाग पानोपानी भेटतात. जुन्या हस्तलिखितांचे प्राच्यविद्या मंदिर ज्या गावात आहे, त्या गावात बसून हा वाक्प्रचार संपावर ढकलावा, याचे वाईट वाटते. ‘आश्वासनाला हरताळ फासला’ म्हणजे लिहून दिलेल्या अक्षरांवर पिवळा बोळा फिरवला. चित्र इतके नेमके आहे, की ताळे आणून ते बिघडवू नये.

(गंमत अशी, की गुजरातीत गांधी म्हणजे मुळात सुगंधी द्रव्ये, काष्ठौषधी, किराणा विकणारा. फासायचा हरताळ गांध्याच्या दुकानात मिळे आणि पाळायचा हरताळ गांधींनी गाजवला. मजकूर लिहिणाऱ्याचा गोंधळ उडाला तर मी त्याला फार दोष देत नाही.)

हरताळकेचे थोडक्यात. हरितालिका म्हणजे आलीने, सखीने, हरण केलेली. बापाने विष्णूला द्यायचे ठरवलेल्या पार्वतीला सखीने रानात नेले, ही व्रतातलीच कथा. दर भाद्रपदात घरी वाचली जाते, ऐकणारे कमी.

राहिली ‘हळदीसारखी माती’. नावापुरते नाते आहे: हरिद्रा आणि हरिताल या दोन्ही शब्दांत तोच पिवळेपणा. पण हरताळात वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिक असते. आर्सेनिक हे नावसुद्धा यावरूनच आले. फारसीत हरताळ म्हणजे जरनीख, त्यातला जर म्हणजे सोने, आपल्या जरतारी शालूतला तोच. त्या घराण्याचा शब्द ग्रीकमधून युरोपात गेला आणि पुढे मूलद्रव्यालाच चिकटला. नैसर्गिक तर तो आहेच. बंगालच्या भूजलातले आर्सेनिकही नैसर्गिकच आहे, आणि त्या पाण्याने माणसे आजारी पडली.

पूर्वज औषधात घेत, हे खरे. पण रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या औषधशाखेत, हरताळ आधी शुद्ध करायला सांगितला आहे, कोहळ्याच्या रसात दोलायंत्रात टांगून शिजवणे वगैरे. वैद्य तो वाटेल तसा चाटवत नसत. आजही औषध नियमांच्या (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत हरताळ, मनशीळ (आर्सेनिकचेच तांबडे खनिज) आणि सोमल (आर्सेनिकचे पांढरे, जहाल विष) तिन्ही आहेत. ग्रुपवर एक काकू म्हणाल्या, आम्हाला वैद्यांनी गोदंती हरताळ दिला होता, काही झाले नाही. होणार कसे? गोदंती म्हणजे जिप्सम. नावात हरताळ आहे, आर्सेनिक नाही. इथे नावावर विसंबलात तर दोन्हीकडून फसाल.

हरताळ पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून सोमलाइतका झटपट मारत नाही. मजकुरातला ‘अपाय नाही’ बहुधा इथून सुचला असेल. पण वर्षानुवर्षे उजेडात राहिला की त्याचा काही भाग सोमलात बदलतो. तेव्हा आजोबांची पोथी उघडाल तर पान उलटायला बोट जिभेला लावू नका आणि नंतर हात धुवा. पेटीत पिवळ्या, वरखासारखे पापुद्रे सुटणाऱ्या खड्यांची पुडी सापडली, तर पोरांच्या हाती देऊ नका, आणि ‘जुना कचरा’ म्हणून होळीत तर मुळीच टाकू नका. हरताळ हवेत जळला की त्याचा सोमल होतो, पांढरा, आणि तो धुरातून वर येतो.